अनिष्टतलावमीमांसा : खंड पहिला (दुसरा निघणार नाही)

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन ही चार कलमे सांगून टाकावीत, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. ग्रंथ वाचायचा की नाही हे वाचकाला पहिल्या पानावरच कळावे, हा त्यामागचा दयाळू हेतू. तो आम्हीही पाळतो.

विषय : घराच्या आवारातला, पोहण्यासाठी बांधलेला आणि आता नको झालेला तलाव. अधिकारी : ज्याच्या आवारात असा तलाव आहे तो. ज्याच्याकडे तलाव नाही आणि ज्याला तो हवा आहे, त्याला हा ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही. त्याला यातले काहीच पटणार नाही आणि आमच्यावर मत्सराचा आळ येईल. संबंध : आमच्या ताईने आणि भावोजींनी निवृत्तीनंतर लोणावळ्याला एक जुना बंगला घेतला. घेतला तो हवेसाठी आणि मागच्या दोन फणसांसाठी. तलाव व्यवहारात आला. प्रयोजन : विल्हेवाट.

लक्षणविचार

तलाव आम्ही टेप लावून मोजला. लांबी २६ फूट, रुंदी १३, खोली एका टोकाला ३ आणि दुसऱ्या टोकाला ६, म्हणजे सरासरी साडेचार. घनफळ १,५२१ घनफूट. पाण्याच्या हिशेबात हे ४३ हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर आणि वर थोडे. मातीच्या हिशेबात १५ ब्रास. वाचकाने दोन्ही आकडे ध्यानात ठेवावेत. पुढचा सगळा वाद टँकर आणि ब्रास यांच्यातला आहे.

आता ‘नकोसा’ म्हणजे काय? घरातल्या नकोशा वस्तूंचे आम्ही दोन वर्ग करतो : सोशिक आणि मानी. ट्रेडमिल सोशिक. हौस फिटल्यावर तिच्यावर टॉवेल वाळत घाला, ती काही म्हणत नाही. भाता फाटलेली पेटी, ज्यूसर, लग्नात आलेले डिनर सेट, हप्त्याने घेतलेला ज्ञानकोश, सगळे सोशिक. मराठी घर उभे आहे तेच मुळी अशा वस्तूंवर. आपण काही टाकत नाही, आपण ‘ठेवून देतो’. माळा, पोटमाळा, पलंगाखालची जागा ही या ठेवून देण्याची तीर्थक्षेत्रे. तलाव मात्र ठेवून देता येत नाही. त्याच्याकडे पाहिले नाही की तो सूड घेतो. चालवा, बदला किंवा बुजवा. पण असाच राहू दे म्हणाल, तर ते त्याला मान्य नाही. दुर्लक्ष हा आपल्या गृहव्यवस्थेचा पाया, आणि नेमका तोच इथे उपयोगी पडत नाही. आमचा सिद्धान्त एवढाच. पुढची पाने केवळ ग्रंथाला वजन यावे म्हणून.

पूर्वेतिहास

या विषयाला परंपरा नाही असे कोणी समजू नये. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटांच्या जोडकामामागे डांबराचा थर देऊन ते गळू नये अशी व्यवस्था केली होती, आणि पाणी सोडून देण्यासाठी एका कोपऱ्यात मोठी मोरी ठेवली होती. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला जे सुचले ते लोणावळ्याच्या ठेकेदाराला सुचले नाही. भावोजींच्या तलावाचा तळ बाहेरच्या गटारापेक्षा खाली आहे, त्यामुळे तो रिकामा करायचा तर पंप लावावा लागतो.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाने करायच्या क्रीडांमध्ये सलिलक्रीडाही आली आहे. राजाला त्यातून आनंद होत असे यात शंका नाही, कारण फिल्टर धुण्याचे काम राजाकडे नव्हते.

परंतु या शास्त्राचा खरा आद्यपुरुष दुर्योधन. त्याचा पाण्याशी आलेला संबंध पाहिला की अंगावर काटा येतो. प्रमाणकोटीला गंगेकाठी त्याने जलक्रीडेसाठी मंडप उभारले, ते भीमाला विष चारून पाण्यात लोटण्यासाठी. भीम बुडाला नाही, उलट आणखी बलवान होऊन परत आला. मयसभेत त्याने पाण्याला जमीन समजून पाय टाकला आणि कपड्यांसकट आत गेला. घरगुती तलावात पाहुणा पडण्याचे हे पहिले लेखी उदाहरण, आणि यजमानांचे लोक त्याला हसल्यामुळे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. शेवटी सगळे सैन्य संपल्यावर तो द्वैपायन सरोवरात जाऊन लपला, तेथूनही त्याला बाहेर यावे लागले. तीन पाणवठे, तिन्ही वेळा नुकसान. तरी एक शहाणपण त्याच्या पदरात घालावे लागते : यांतल्या एकाही पाणवठ्याच्या देखभालीचा खर्च त्याच्याकडे नव्हता.

उपभोक्तृविचार

तलाव नकोसा का होतो, हे समजण्यासाठी तो वापरतो कोण हे पाहिले पाहिजे. आमच्या निरीक्षणानुसार घरगुती तलावावर येणाऱ्यांत पोहणारे सर्वांत कमी. बहुसंख्य असतात ते काठावर पाय सोडून बसणारे. हे लोक पाण्यात फक्त घोट्यापर्यंत असतात, पण चहा त्यांना तिथेच लागतो. त्यांच्यानंतर मोबाइलवर फोटो काढून आत जाणारे. मग सुती बनियन आणि हाफ पँटवर उतरणारे काका. सुती कपड्यांचे तंतू फिल्टरमध्ये अडकतात हे त्यांना सांगण्याची कोणाची छाती नसते. डोक्याला तेल चोपडून उतरणाऱ्या मावशींचा वर्ग स्वतंत्र मानावा. त्या गेल्यावर पाण्यावर जी साय राहते ती काठाच्या टाइल्सवर एक रेघ होऊन बसते, आणि ती रेघ घासायला घरातला कर्ता पुरुष पोटावर आडवा होतो.

खरे पोहणारे भावोजी स्वतः. ते कोकणातल्या विहिरीत शिकले, पाठीला सुका भोपळा बांधून, आणि भोपळा सुटल्यावर चुलत्याने वरून ढकलल्यामुळे. अशा माणसाला २६ फूट म्हणजे चार हात मारले की भिंत. सूर मारायचा तर तळ सहा फुटांवर. पहिल्याच दिवशी ते बाहेर येऊन म्हणाले, “हे पोहणं नव्हे, खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या आहेत.” त्यानंतर ते पाण्यात उतरले ते फक्त तळ घासायला.

पण नकोसेपणाचे मूळ याहून खोल आहे. तलाव आहे म्हटल्यावर लोकांना वाटते की माणसाचे बरे चालले आहे. फोनवर बोलताना नात्यातली माणसे प्रकृतीच्या आधी तलावाची चौकशी करतात. तो नको आहे असे म्हणावे, तर ऐकणाऱ्याला तो विनयाचा एक फुगीर प्रकार वाटतो. आणि पाण्याची आणखी एक लाज असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे वाघिणीमागे पन्नास हजार. ताई म्हणते की ज्या दिवशी तिने हा भागाकार केला, त्या दिवसापासून तिला मागच्या अंगणात रेल्वेची एक वाघीण उभी दिसते.

उपेक्षावाद आणि त्याचे खंडन

पहिला पूर्वपक्ष उपेक्षावाद्यांचा. ते म्हणतात, काहीही करू नका. पंप बंद करा, क्लोरीन बंद करा, पाणी राहू द्या. हा पक्ष आम्हाला स्वभावतः जवळचा; म्हणूनच त्याचे खंडन सविस्तर करतो.

चालू तलावाचा खर्च आधी पाहू. दीड अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला दोनशे युनिटे होतात. पाण्यात मोकळे क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम हवे. भर उन्हात, स्टॅबिलायझर नसेल तर, तासाभरात ते निम्म्याहून कमी होते. म्हणजे आपण सूर्याला क्लोरीन पाजत असतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखावा लागतो. माणसाच्या अश्रूंचा पीएचही याच्याच मध्ये, ७.४ च्या आसपास येतो, आणि तलावाचे पहिल्या वर्षाचे बिल पाहिलेल्या गृहस्थाला यात नवल वाटणार नाही. जाता जाता एक गैरसमज दूर करतो. तलावाजवळ जो उग्र वास येतो तो भरपूर क्लोरीनचा, म्हणजे स्वच्छतेचा, असे लोक मानतात. तो वास क्लोरीन आणि घाम, मूत्र वगैरे यांच्या संयोगातून होणाऱ्या क्लोरामाइनांचा असतो. पाहुण्यांना हे सांगावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या आतिथ्याचा प्रश्न.

आता हे सगळे बंद केले. काही दिवसांत पाण्याला हिरवी झाक येते, मग ते गडद होते, मग तळ दिसेनासा होतो. डासाची अळी आठवडा-दहा दिवसांत पंख फुटून बाहेर येते. आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगून जातात. पिंप पालथे घालता येते. ४३ हजार लिटर पालथे घालून दाखवावेत. हे भय काल्पनिक नाही. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड भागात २००७ साली कर्ज थकून सोडून दिलेल्या घरांमागचे तलाव असेच हिरवे झाले होते, आणि त्या वर्षी तिथे वाढलेल्या वेस्ट नाइल तापाशी संशोधकांनी त्यांचा संबंध जोडला. आपल्याकडे त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १९११ च्या अहवालात, डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचे खापर शहरातल्या विहिरींवर फोडले होते. विहिरी बंद करा म्हटल्याबरोबर धर्माच्या बाजूने आक्षेप आले, विशेषतः पारशी समाजाकडून. त्यांची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही चर्चगेटजवळ आहे. यावरून बोध हा की पाणी साठवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, बुजवणाऱ्याला सगळे विचारतात.

उपेक्षावाद्यांची दुसरी शाखा म्हणते, मग पाणी काढून टाका आणि कोरडा राहू द्या. वरवर निर्दोष वाटणारे हे मत सर्वांत घातक आहे. रिकामा तलाव तरंगू शकतो. काँक्रीटचे कवच आठ इंच जाड धरले तर त्याचे वजन तीस टनांच्या आसपास भरते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जुलैत भोवतालचा मुरूम काठोकाठ भिजला तर तेच कवच पंचावन्न टन पाणी बाजूला सारते, आणि आर्किमिडीज लोणावळ्यालाही लागू आहे. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह नसेल, किंवा असून गंजलेला असेल, तर तलाव जमिनीतून वर येतो, पाइप तुटतात, काठाच्या फरशा उभ्या राहतात. म्हणजे नकोसा तलाव जागेवर राहावा म्हणून त्यात नकोसे पाणी भरून ठेवावे लागते. तलाव पाण्यासाठी की पाणी तलावासाठी, हा अन्योन्याश्रय दोष नैयायिकांनी पाहिला असता तर त्यांनी घट आणि पट सोडून याच्यावरच ग्रंथ लिहिले असते.

मतमतांतरे

उपेक्षावाद पडल्यावर परिवर्तनवादी पुढे येतात. यांचे पंथ अनेक आहेत, कारण प्रत्येक पाहुणा एक नवा पंथ स्थापून जातो.

संचयवादी म्हणतात, पावसाचे पाणी साठवा. विचार उदात्त आहे. दीड हजार चौरस फुटांच्या छपरावर लोणावळ्याचा पाऊस पडला तर साडेपाच लाख लिटर पाणी येते. तलाव बारा-तेरा वेळा भरेल. अडचण एवढीच की जून ते सप्टेंबर लोणावळ्यात पाणी ही गोष्ट कोणालाही नको असते. ते हवे असते एप्रिल-मेमध्ये. ऑक्टोबरपासून मेअखेर सुमारे २४० दिवस, रोज सरासरी पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी १,२०० मिलिमीटर झाले, म्हणजे जवळजवळ चार फूट. साठवले साडेचार, उरला अर्धा. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर उडाले तर ते सव्वादोनशे लिटर भरतात. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याचा दंडक आहे, म्हणजे दीड माणसाचा कोटा आकाश उचलते. हे पाहुणे दिसत नाहीत, चहा मागत नाहीत, पण जातही नाहीत.

मत्स्यवाद्यांनी कमळे आणि गप्पी मासे सुचवले. गप्पी डासांच्या अळ्या खातात, हे खरे. गंबुसियाही खातो, १९२८ साली तो इटलीहून भारतात आणला गेला तो याच कामासाठी, आणि मग तो बेडकांची अंडी, दुसऱ्या माशांची पिल्ले असे जे मिळेल ते खाऊ लागला. भावोजींनी गप्पी आणले. पाठोपाठ खंड्या आला, मग बगळा, मग बेडूक. पहिल्या पावसानंतर बेडकांनी रात्रभर जे काही केले त्यामुळे ताईचा या पंथावरचा विश्वास उडाला. तिचे म्हणणे, “पोहायचा तलाव निदान रात्री गप्प असायचा.”

आच्छादनवादी वरून लाकडी डेक टाकायला सांगतात. त्यांचे गृहीतक असे की जे दिसत नाही ते नाही. डेकखाली अंधारे, ओलसर, सहा फूट खोल पोकळी राहते, आणि लोणावळ्यात अशी पोकळी फार दिवस बिनभाडेकरू राहत नाही. बंगला सांभाळणारे मामा एवढेच म्हणाले, “खाली काय हाये ते बघायला मला नका सांगू.”

पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांनी मैफलवाद मांडला. पाणी काढा, पायऱ्यांवर गाद्या टाका, खोलगट भागात गवई बसवा. तलाव एप्रिलात घासायला रिकामा केला होता तेव्हा आम्ही प्रयोग करून पाहिला. चारही बाजूंनी टाइल्स असल्यामुळे एक तान तीनदा ऐकू येते, ही सोय चांगल्या गवयाला नको असते आणि वाईट गवयाची आपल्याला नको असते. रिकाम्या तलावाचा खरा कलात्मक उपयोग १९७० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी केला. तिथे १९७६-७७ चा दुष्काळ पडला, तलाव कोरडे झाले, आणि ही पोरे कुंपणावरून आत शिरून त्यांच्या गोलाईदार भिंतींवर स्केटबोर्ड चढवू लागली. त्यातून एक सबंध क्रीडाशैली जन्मली. भावोजींचा तलाव काटकोनी आहे. आणि भावोजी एकाहत्तरचे.

राहिले भाडेवादी. हा पंथ दुबळा नाही. लोणावळ्यापासून अलिबागपर्यंत बंगल्यांत तलाव मुळी बांधले जातात ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकरिता. तलाव असला की भाडे चढते. एका शनिवारी ताई-भावोजींनी हाही प्रयोग केला. आलेली मंडळी पोहली नाहीत. त्यांनी तलावाशेजारी स्पीकर लावला, पहाटेपर्यंत लावला, आणि सकाळी तळाशी एक प्लेट, दोन चमचे आणि फुटलेली बाटली होती. पाण्यातली काच पाण्यात दिसत नाही, त्यामुळे ती काढण्यासाठी सगळे पाणी काढावे लागले. भाडे टँकरवाल्याकडे गेले.

शास्त्राधार

इथवर आल्यावर भरणवाद, म्हणजे सरळ बुजवून टाकणे, हाच पक्ष उरतो. पण त्याआधी ताईने शंका काढली, आणि ती रास्त होती : पाणी बुजवणे हे पाप नाही का? वापी, कूप, तडाग बांधणे हे पूर्तकर्म, मोठे पुण्याचे. मग बुजवणे?

आम्ही ग्रंथ काढले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत निघाला, सुमारे साडेसहा हजार पानांचा. त्याच्या दुसऱ्या खंडात प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांवर प्रकरण आहे. तळे खणले, तर ते विधिपूर्वक सर्व प्राण्यांसाठी सोडून द्यायचे, हा उत्सर्ग. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनी सतराव्या शतकात आपल्या ‘भगवंतभास्करा’च्या बारा मयूखांपैकी एक सबंध मयूख या उत्सर्गाला दिला आहे. यजमानाने काय करावे, गाय पाण्यातून कशी न्यावी, सगळा विधी या परंपरेत आहे. बुजवण्याचा विधी आम्हाला सापडला नाही. सापडली ती शिक्षा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, तलाव फोडणाऱ्याला राजाने पाण्यात बुडवून किंवा साध्या रीतीने मारावे असे सांगितले आहे. त्याने तो पुन्हा दुरुस्त करून दिला तर उत्तम साहसाचा, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीचा, दंड.

भावोजींचा चेहरा पडला. मग आम्ही मीमांसेचा आधार घेऊन अर्थ लावला. एक, ही शिक्षा लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या तळ्याबद्दल आहे; ज्याचा उत्सर्ग झालेला नाही, ज्यात गाय उतरू शकत नाही आणि उतरली तर शिडीवरून वर येऊ शकत नाही, त्याला शास्त्रीय अर्थाने तडाग म्हणता येत नाही. दोन, तलाव बुजल्यावर बुडवण्याची शिक्षा अमलात आणायला जागाच राहत नाही, सबब ती निष्फळ. तीन, विधी नाही म्हणून कर्म नाही असे म्हटले तर ट्रेडमिल विकणेही अधर्म ठरेल. ताईला तिसरा मुद्दा पटला नाही. पण उत्सर्गाच्या मार्गाने तलाव वाडीतल्या पोरांना खुला करावा का, या प्रश्नावर तिनेच नकार दिला. सहा फूट पाणी, देखरेखीला कोणी नाही, आणि पोरे म्हणजे पोरे. तिथे तिला पुण्यापेक्षा रात्रीची झोप महत्त्वाची वाटली, आणि आम्हाला तिचे म्हणणे सगळ्या मयूखांहून वजनदार वाटले.

शिवाय शास्त्रापेक्षा रूढी बलवान. आणि रूढी पाहिली तर महाराष्ट्राने बुजवलेली तळी काही कमी नाहीत. मुंबईत धोबी तलावाला जा. तलाव नाही, चौक आहे. दोन टाकीला जा. टाकी शोधत बसाल. गोवालिया टँकवर १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांना चालते व्हा म्हणून सांगितले गेले, तेव्हा तिथे पाणी नव्हते, मैदान होते. पाणी असते तर इतकी माणसे उभी कुठे राहिली असती? पुण्याचे उदाहरण तर अधिक सात्त्विक. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे करवले, मधल्या बेटावर बाग केली, पुढे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, तिथे गणपती बसला. तळे गेले, आज तिथे सारसबाग आहे, संध्याकाळी भेळ मिळते. गणपती मात्र अजून तळ्यातलाच. देवाने पत्ता बदलला नाही आणि हरकतही घेतली नाही. हे ऐकल्यावर ताईने होकार दिला.

भरणविधी

कृती थोडक्यात सांगतो, कारण लोक इथेच घाई करतात. तलाव नुसता मातीने भरला तर तो मातीचा तलाव होतो. तळ शाबूत असेल तर पावसाचे पाणी खाली जाणार नाही; चार फूट चिखलाची एक वाटी तयार होईल आणि तिच्यात लावलेले झाड मुळापासून कुजेल. म्हणून आधी ब्रेकर लावून तळाला जागोजागी, हात जाईल एवढी, भोके पाडायची. मग काठाच्या भिंती दोन-तीन फूट खालपर्यंत फोडायच्या आणि तो राडारोडा तळाशीच टाकायचा. सळया मात्र काढून घ्यायच्या, त्या भंगारवाला नेतो. त्यावर डबर, त्यावर मुरूम. मुरूम एकदम ओतायचा नाही. नऊ इंचांचा थर, पाणी, धुम्मस. पुन्हा थर, पाणी, धुम्मस. वरच्या फूट-दीड फुटात चांगली माती. एवढे करूनही दोन पावसाळे जमीन थोडी बसतेच, तेव्हा त्यावर खोली बांधायची स्वप्ने पाहू नयेत. जुना पंप पूलवाला घेऊन जातो आणि आपणच त्याच्यावर उपकार केले अशी आपली समजूत करून देतो.

अडले ते सामग्रीपाशी. राडारोडा आणि डबर धरूनही दहा ब्रासच्या वर मुरूम हवा होता. फाटक अरुंद, डंपर आत येत नाही. टेम्पोने आणायचा तर खेपा आणि भाव दोन्ही वाढतात. याच सुमारास शेजारचा बंगला मुंबईच्या एका तरुण जोडप्याने घेतला. एके दिवशी कुंपणाच्या भिंतीवरून त्या गृहस्थांनी विचारले, “काका, तुमच्याकडे पूल आहे ना? आम्ही पण खणायला घेतोय. मेंटेनन्सचं तुम्ही कसं करता?”

अधिकारी नसलेल्याला शास्त्र सांगू नये, हा दंडक आम्ही पहिल्याच पानावर सांगितला आहे. भावोजींनी तो पाळला. ते म्हणाले, “अगदी सोपं आहे. तुमचा मुरूम कुठे टाकताय?”

भिंतीत आठ फुटांची वाट पाडली. पलीकडे खणलेला मुरूम घमेल्याघमेल्याने अलीकडे आला. पलीकडचा खड्डा जसा खोल होत गेला तसा अलीकडचा उथळ. तलाव नष्ट होत नाही, फक्त सातबारा बदलतो, असा नियम यातून मांडता येईल. पण एकाच निरीक्षणावर नियम मांडणे शास्त्राला धरून नाही, आणि दुसऱ्या निरीक्षणासाठी त्या जोडप्याचे वय वाढेपर्यंत थांबावे लागेल.

तूर्त वाद वेगळाच आहे. खणलेला मुरूम फुगतो. जमिनीत जो एक ब्रास असतो तो बाहेर आल्यावर सव्वा ब्रासच्या आसपास भरतो. शिवाय पलीकडचा तलाव आमच्यापेक्षा मोठा. त्यामुळे अलीकडचा भरून, धुम्मसून, वर माती पसरूनही चार ब्रासचा ढीग उरला, आणि तो पाडलेल्या भिंतीच्या ऐन जागेवर आहे. भावोजी म्हणतात, मुरूम तुमचा, उचला. शेजारी म्हणतात, दिलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. दत्ताप्रदानिक नावाचे व्यवहारपद यासाठीच आहे, पण त्यात देणारा परत मागतो अशी कल्पना आहे; देणारा परत घेत नाही असा प्रसंग शास्त्रकारांनी धरलेला दिसत नाही. आम्ही नीलकंठांचा व्यवहारमयूख पुन्हा काढला आहे. दरम्यान मामांनी ढिगावर दुधीचा वेल चढवला, त्याला दोन्ही बाजूंनी दुधी लागले आहेत, आणि पलीकडच्या बाजूला लोंबणाऱ्या दुधीवर हक्क कोणाचा हेही आता त्याच दाव्यात घालावे लागेल.